राखेचा आळ

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाई. नवऱ्याले नाई, पोरींले नाई. तुमच्यापाशी सांगून राह्यली — काऊन, ते मलेच माहीत नाई.

ऐंशीनंतरची गोष्ट. घर आरमोरीचं, नोकरी जंगलातल्या एका लहान दवाखान्यात. नर्स होती मी. आमच्या घरातून शिकून नोकरीले लागलेली पहिली पोरगी — ताठा होता मले, होताच. बाळंतपणाआधी कैची खळखळ उकळाची, हे पाठ होतं. पण स्टोव्ह एकच. त्याच्यावरच कैची, त्याच्यावरच चाय.

त्या दुपारी आत एक बाई बाळंतपणाले आली होती, अन् तालुक्याचे मोठे डॉक्टर जीपनं आले. कैचीचं पातेलं नुकतंच ठेवलं होतं, पाणी धड कोमटही नाई. मी ते उतरवलं अन् चाय मांडली. काऊन उतरवलं? साहेब थांबले नसते काय? तितक्यात आतल्या बाईच्या कळा वाढल्या. त्याच कैचीनं नाळ कापली. पोरगा झाला. चांगला रडला.

आठवडाही झाला नाई. पोराची दातखीळ बसली, दूध ओढेना, अंग ताठून गेलं. धनुर्वात. कैची उकळली नाई का असाच येते तो. पोरगा गेला.

पण सांगाचं ते हे नाई — हे तर आधीचं.

पोराची आजी मैनाबाई, गावची सुईण. तिकडं नाळेवर चुलीतली राख लावाची रीत. मी तिले मनाई केली होती, अन् तिनं ऐकलं होतं. मी सोता पाह्यलं होतं ना — बेंबी साफ होती! तरी सगळे माझ्याकडं पाहून राह्यले, तवा मीच बोलली — बुढीनं राख लावली असन. इतकंच. सुनेनं तिच्याशी बोलणं टाकलं. गावानं तिले बाळंतपणाले बोलावणं सोडलं. मी पाहत होती. मले रडू आलं नाई. झोपही लागत होती.

मग एकदा बुढी दवाखान्यात आली. दारातच बसली.

"बाई, मले तं आठवतच नाई. मी खरंच लावली काय जी राख?"

मी पट्ट्या गुंडाळत होती. वर पाह्यलं नाई.

"लावली असन, माय."

"तुमी म्हणता तं लावलीच असन," म्हणाली, अन् उठून गेली.