गॅस्केटकाकांची सहा वाक्यं

गॅस्केटकाकांना इटालियनमधले चारशे शब्द येत होते आणि त्यातला एकही माणसाशी बोलायच्या कामाचा नव्हता. बॉयलर म्हणजे काल्दाया, स्प्रिंग म्हणजे मोल्ला, आणि ज्याच्यावरून कॉफीवाल्यांनी त्यांना हे नाव चिकटवलं ते गॅस्केट, गळती अडवणारं रबरी कडं, म्हणजे ग्वार्नित्सिओने. सगळं पार्टच्या कॅटलॉगमधून आलेलं. एकोणीस वर्षं कॉफीची मशिनं उघडून बसणाऱ्या माणसाला एवढं यायचंच. पण "कसा आहेस?" याला काय म्हणतात हे ठाऊक नव्हतं. ते कॅटलॉगमध्ये कुठून असणार?

आणि आता सहा आठवड्यांत त्यांना इटालियन बोलायचं होतं. फोनवर, एका माणसाशी, एकदाच.

माणूस म्हणजे तिकडच्या कारखान्यातला पार्टवाला. एकोणीस वर्षं काका त्याला मेल करत आले. भेट नाही, फोन नाही, फोटोसुद्धा नाही. काका आपल्या भाषेत लिहायचे, कॉम्प्युटर भाषांतर करायचा, तिकडूनही तसंच. आधी नुसतं "त्र्याहत्तर मिलिमीटरची दहा पाठवा" एवढंच असायचं. मग हळूहळू खाली एखादी ओळ वाढली. इकडे गारठा आहे. माझा गुडघा दुखतो, तुझा?

चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेव्हा ऑर्डर बारा दिवस लांबली, म्हणून काकांनी खाली कारण लिहिलं, बायको वारली. उत्तर आलं, "आपल्या पत्नीच्या अनुपस्थितीची खेदपूर्वक नोंद घेण्यात आली आहे."

काका हसले. काकू गेल्यावर पहिल्यांदा हसले, आणि मग स्क्रूड्रायव्हर हातात धरून तासभर तसेच बसून राहिले. त्या माणसानं काहीतरी चांगलंच लिहिलेलं असणार, मधल्या यंत्रानं त्याचा पार चोथा केला. कारण खोकं आलं तेव्हा त्यातला एकेक पार्ट वेगळ्या कागदात गुंडाळलेला होता, बाळाला गुंडाळावं तसा. असं आधी कधीच नसायचं.

आणि आता त्याचा मेल आला होता, "तीस तारखेला मी बंद होत आहे." म्हणजे रिटायर. पुढे ऑर्डर वेबसाइटवर टाकायची, तिथे बटणं असतील. खाली ओळ लिहायला जागा नसेल.

"अरे मामा, मग फोन कर की त्याला!" भाची म्हणाली. ती रविवारी यायची, जेवायची, अर्धा वेळ मोबाईलमध्ये असायची, पण यायची. "भाषांतराचं ॲप लाव. तू बोल, ते बोलेल."

"ते खेदपूर्वक नोंद घेतं," काका म्हणाले. "नको. माझ्या तोंडानं बोलणार."

"सहा आठवड्यांत? मामा, तुला माझा नंबर पाठ व्हायला दोन वर्षं लागली!"

"तू दर सहा महिन्यांनी बदलतेस तो."

तिनं हात टेकले आणि त्यांच्या मोबाईलवर तीन ॲप टाकून दिली.

काकांनी ती तिन्ही मशिनासारखीच तपासली. कुठे गळतं ते बघायचं, बाकी सगळं रंगकाम. पहिल्यात एक गुबगुबीत प्राणी होता, बरोबर आलं की नाचायचा. त्यानं आठवडाभर "मुलगी सफरचंद खाते" एवढंच घोकायला लावलं, वार आणि रंग शिकवले. पाच चुका झाल्या की उद्या या. काका चिडले. "चुकल्यावर तर शिकवायचं असतं ना रे गाढवा!" प्राणी नाचत राहिला.

दुसऱ्या ॲपमध्ये मोठ्यानं बोलून दाखवायचं होतं. घरी बोलायचा त्यांना संकोच वाटायचा, रिकाम्या खोल्यांत स्वतःचाच आवाज फार मोठा येतो. म्हणून कामावर बोलायचे. काउंटरखाली डोकं घालून, बॉयलरमधला चुन्याचा थर खरवडत, "बुओन्जोर्नो!" ॲप म्हणायचं, ऐकू आलं नाही. काका अजून मोठ्यानं, "बुओन्जोर्नो!"

वर कॉफीवाली थबकली. "काका, खाली कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग नमस्कार कुणाला करताय?"

"मशीनला. मोठ्या घरचं आहे."

ती खो खो हसली. काकाही हसले, पण ॲपला शेवटपर्यंत ऐकू गेलं नाही. दळायच्या यंत्राचा आवाज चालू होता ना.

तिसऱ्याला पैसे भरले. त्यात विमानतळ होता, हॉटेल होतं, खिडकीतून समुद्र दिसणारी खोली पाहिजे असं ऐटीत म्हणायला शिकवलं. काकांनी पाठही केलं. मग वाटलं, आपण त्या बिचाऱ्या पार्टवाल्याला फोन करून समुद्र दिसणारी खोली मागणार का?

शेवटी भाचीनं चौथं काढलं. यात खरी माणसं होती. आपण त्यांना आपली भाषा शिकवायची, त्यांनी आपल्याला त्यांची. "फोटो टाक मामा, छानसा." काकांनी टाकला. नुकताच घासूनपुसून लख्ख केलेला बॉयलर.

"स्वतःचा रे!"

"हाच चांगलाय."

नऊ दिवस चिटपाखरू फिरकलं नाही. जेवताना मोबाईल ताटाशेजारी ठेवायचे, काकूंची थाळी असायची तिथे. दहाव्या दिवशी टुणकन वाजला आणि काकांचा घास हातातच राहिला. तिकडचा एक वेटर. त्यानं बॉयलर बघूनच लिहिलं होतं, आमचं मशीन कॉफी भरायच्या दांड्याच्या बाजूनं गळतं, का? काका अक्षरशः उडालेच! चारशेच्या चारशे शब्द कामाला आले. दोन संध्याकाळी ते आवाज रेकॉर्ड करून पाठवत होते. गॅस्केट कडक झालंय, उकरून काढ, खाच साफ कर, नवं बसव. क्रियापदं नव्हती, पण त्याला कळत होतं! तो "ब्राव्हो" म्हणाला. काकांनी ते सात वेळा ऐकलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तू कसा आहेस? उत्तर नाही. चौथ्या दिवशीही नाही. गळती थांबली आणि माणूसही थांबला.

भाची त्या रविवारी आली नाही, परीक्षा होती. काकांनी एकट्यानं जेवून घेतलं आणि सगळी ॲप पुसून टाकली. मग वही काढली. रद्दीच्या दुकानातून आणलेलं एक जुनं इटालियनचं पुस्तक होतं, कुणीतरी पेन्सिलीनं उत्तरं भरलेलं, निम्मी चुकीची. ते आणि तिकडचं रेडिओ स्टेशन, जे वर्कशॉपमध्ये दिवसभर लावून ठेवायचे, कळो न कळो. कानाला चाल तर लागेल. एवढ्यावर त्यांनी सहा वाक्यं बनवली, आपल्या अक्षरांत लिहिली, भाचीला फोनवर वाचून दाखवली.

माझी बायको वारली तेव्हा तू लिहिलंस. मला ते नीट कळलं नाही. पण तू पार्ट कागदात गुंडाळलेस, ते कळलं. घरी बोलायला कुणी नाही. तुला ऑर्डर लिहायची असली की मला बरं वाटायचं. आता तू विश्रांती घे.

पलीकडे भाचीनं पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मामा, मी येते रे रविवारी. नक्की येते."

"परीक्षा दे आधी."

तीस तारखेला सोमवार होता. काकांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, जणू फोनमधून दिसणारच होतं. वर्कशॉपचं शटर अर्धं ओढलं, रेडिओ बंद केला आणि नंबर लावला. फोन स्पीकरवर, वही समोर.

उचलला एका बाईनं.

काकांनी पार्टवाल्याचं नाव सांगितलं. ती बोलली, आणि काकांना शब्द न् शब्द कळला. तो नाहीये. शुक्रवारीच रिटायर होऊन गेला. सुट्ट्या शिल्लक होत्या, म्हणून लवकर.

सहा आठवड्यांत पूर्ण कळलेलं पहिलं बोलणं, आणि ते हे.

"हॅलो?" ती म्हणाली.

फोन ठेवून द्यावा असं वाटलं. पण तोंडातून आपोआप पहिलं वाक्य निघालं. तिला वाटलं ऑर्डर आहे. मध्येच थांबवून तिनं विचारलं, कुणाची बायको? काका म्हणाले, माझी. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, हळू बोला, मी लिहून घेते, त्याला देते.

काका एकेक शब्द सुटा करत बोलले. ती लिहीत होती, पेन ऐकू येत होतं. सहा झाल्यावर तिनं सगळं परत वाचून दाखवलं, बरोबर आहे ना ते बघायला. काकांनी वहीकडे बघितलंच नाही. चार वर्षांत ही गोष्ट या खोलीत दुसऱ्या कुणी मोठ्यानं म्हटली नव्हती, आणि आता एक अनोळखी बाई ती स्वच्छ, न अडखळता म्हणत होती. "सी," काका म्हणाले. बरोबर आहे.

आणखी काही? तिनं विचारलं.

पुष्कळ होतं. काकू भांडायच्या कशा, इथपासून होतं. पण तेवढी भाषा झाली नव्हती.

"नो," काका म्हणाले. "ग्रात्सिए." आभारी आहे.

ती आणखी क्षणभर थांबली, त्यांना सुचतंय का बघत. मग तिनं फोन ठेवला.