साक्षीचं रक्त

केशरबाईंचा नवरा काशीराम पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला होता. तो वारला तेव्हा राकेश शाळेत जायचा. घरी साड्यांना लेस लावून केशरबाईंनी त्याला शिकवलं. आता तो एका व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढत होता. एकुलतं एक, अबोल लेकरू. याच्या पोटातलं सगळं आपल्याला कळतं, असं त्यांना वाटायचं.

एका रविवारी राकेश आंघोळीला गेला असताना लॅबचा माणूस दारात आला. "साक्षीबेन घरे छे?" त्याने गुजरातीत विचारलं. इथे कोणी साक्षी राहत नाही, असं केशरबाईंनी सांगितलं. त्याने मोबाइल पुढे केला. पत्ता त्यांचा होता, नंबर राकेशचा. तेवढ्यात ओल्या केसांनी राकेश बाहेर आला, खुर्चीवर बसला आणि त्याने हात पुढे केला. माणसाने रक्त घेतलं, नळीवर नाव चिकटवलं आणि तो गेला.

"माय, साक्षी म्हणजे मीच," राकेश म्हणाला. "मी मुलगा नाही. लहानपणापासून मला हे ठाऊक आहे."

मग हळूहळू सगळं सांगून झालं. बडोद्याच्या एक डॉक्टरबाई फोनवरून तपासतात, काही महिन्यांपासून हार्मोनची औषधं चालू आहेत. दवाखान्यात सगळ्यांसमोर जुन्या नावाने हाक मारतात, म्हणून रक्त घरूनच द्यायचं. केशरबाईंना एकेक शब्द कळत होता, पण सगळं मिळून काय झालं ते कळत नव्हतं. आजारी आहेस का, त्यांनी विचारलं. नाही. मग औषध कशाला? त्यावर साक्षीने जे सांगितलं, ते त्यांना दुसऱ्यांदा ऐकूनही समजलं नाही.

दोन दिवसांनी डॉक्टरबाईंचा व्हिडिओ कॉल आला. केशरबाई पडद्याआड उभ्या राहून ऐकत होत्या. रक्तात पोटॅशियम वाढलं होतं, एका गोळीमुळे तसं होतं. खाण्यात काय असतं, असं विचारल्यावर साक्षी म्हणाली, आई रोज नारळपाणी देते. लेकरू वाळलं म्हणून केशरबाईच ते आणत होत्या. नारळपाण्यानेही पोटॅशियम वाढतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, तशा केशरबाई घाबरून पुढे आल्या.

"माझ्यामुळे काही झालं का?"

"नाही, वेळेत कळलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. गोळी कमी केली, नारळपाणी बंद केलं, आठवड्याने पुन्हा रक्त द्यायला सांगितलं.

केशरबाई तिथेच थांबल्या. "बाई, हे खरं असतं का? असं वाटणं?"

"खरं असतं."

दुसरा रिपोर्ट चांगला आला. शेजारच्या सरलाबाईंनी विचारलं, रक्तवाला सारखा का येतो? तब्येत बघायला, एवढंच केशरबाई बोलल्या. ते खोटं नव्हतं, पण खरं काय तेही त्यांना नीट सांगता आलं नसतं.

घरात बोलायचीच पंचाईत झाली. "आलास?" म्हणावं तर साक्षीचा चेहरा पडायचा. "आलीस?" म्हणायला जीभ वळत नव्हती. मग त्या "जेवण झालं?" असंच विचारू लागल्या. त्यात कोणाला काही लागायचं नाही.

एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं, "गरम आहे तोवर जेवून घे गं."

साक्षी ताट घेऊन शेजारी बसली. केशरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आपण बरोबर बोललो की चुकलो, हे त्यांना कळेना. त्यांनी तिला आणखी एक पोळी वाढली.