कडकबाईंनी दोर कोणाच्या हाती दिला

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या बाईंना सर्वजण कडकबाई म्हणतात. त्या एका मोठ्या धुलाईगृहात इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या राहून चादरींना खळ देण्याचे काम करतात. त्यांनी इस्त्री केलेली चादर भिंतीला टेकवली तर उभी राहील, असे तेथील बायका म्हणतात. स्वभावही खळ दिल्यासारखाच, असेही म्हणतात, परंतु ते त्यांच्या पाठीमागे.

कडकबाई आणि मी, आम्ही दोघी उतारवयात प्रौढांच्या वर्गाला जाऊन वाचावयास शिकलो. शिकविणाऱ्या बाईंनी वर्गात सांगितले होते, की जे आवडेल ते वाचा, पण रोज वाचा. कडकबाईंना वर्तमानपत्र आवडेना. त्यांच्या हाताखाली घड्या घालणारी एक तरुण मुलगी होती, तिला आम्ही घडीवाली म्हणू. तिने आपल्या फोनवर एक चिनी मालिका लावून दिली आणि म्हणाली, "याच्यात खाली मराठी अक्षरं येतात. मालिकेवर जीव टाकणाऱ्या मुलींनी हौसेनं लिहिलीत. वाचा आता पोटभर."

मालिका तलवारबाजांची होती. एक नावाडी असतो, जो पूर्वी मोठा योद्धा होता आणि आता कोणालाही आपले नाव सांगत नाही. एक सरदाराचा धाकटा मुलगा असतो, ज्याला स्वतःच्या घरच्यांनीच मारावयास माणसे पाठविलेली असतात. नावाडी त्याला नदीपार नेतो आणि मग सोडून जाऊ शकत नाही. ते छपरांवरून उडतात, बांबूच्या शेंड्यांवर उभे राहून लढतात. एकमेकांवर त्यांचे प्रेम आहे हे पाहणाऱ्या प्रत्येकाला कळते, परंतु ते शब्द मालिकेत कोणीच उच्चारत नाही. तिकडे तसे उघड दाखविण्यास परवानगी नाही, असे घडीवालीने आम्हांस सांगितले. शब्द ओठावर येतो तेव्हा कोणीतरी दार वाजविते, किंवा बाण येतो.

दुपारच्या सुट्टीत खळीच्या डब्याला फोन टेकवून आम्ही ती पाहत असू. मी त्या वेळी धुलाईगृहात फाटलेले अभ्रे शिवण्यास जात असे. आमचे वाचन हळू होते. अक्षरे येत आणि आमचे वाचून होण्यापूर्वीच जात. म्हणून कडकबाई प्रत्येक वाक्याला बोट लावून चित्र थांबवीत. वाक्य वाचून होई, तोवर समोरचा चेहरा तसाच थांबलेला असे. इतरांच्या डोळ्यांसमोरून जे क्षणात निघून जाते, ते आम्ही सावकाश पाहिले. नावाडी बोलतो एक आणि त्याचे डोळे कोठे असतात, हे आम्हांस फार लवकर कळले.

एकदा पलीकडच्या टेबलावरची बाई डोकावून म्हणाली, "अगं, दोन बाप्ये नि एकही बाई नाही? काय बघता त्याच्यात?"

"बायका आहेत की," कडकबाई म्हणाल्या. "तिघी आहेत. तिघी तलवार चालवतात. फक्त कोणाला पाणी आणून द्यायला एकही नाही."

घडीवाली हसून लोटपोट झाली. मग कडकबाई गंभीरपणे म्हणाल्या, "ह्यात पुरुष माफी मागतो, गं. जखम बांधून देतो. दुसऱ्याला झोप लागली की नाही ते बघतो. आणि कोणावर हक्क म्हणून नाही. मी असा पुरुष कधी बघितला नव्हता, म्हणून बघते."

हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण आमच्यासारख्या वयस्क बायका अशी मालिका का पाहतात, असे पुष्कळ लोक विचारतात. उत्तर त्यांनी दिले तेवढेच आहे.

एके दिवशी सरदाराचा मुलगा तापाने पडलेला असतो आणि नावाडी उंबऱ्याशी उभा असतो. आत येण्यास त्याला मनाई असते. कडकबाईंनी चित्र थांबविले. वाक्य लहानच होते, परंतु त्यांनी बोट काढले नाही. बराच वेळ त्या नावाड्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या.

"आक्का," त्या मला हळूच म्हणाल्या, "असं उंबऱ्यात उभं राहिलेलं मी कोणाला तरी बघितलंय."

त्यांनी फोन उलटा ठेवला. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी मालिका पाहिली नाही, आणि घडीवालीने विचारले तर "काम पडलंय" एवढेच सांगितले.

येथे त्यांच्या घराविषयी लिहिले पाहिजे. कडकबाईंचा एकुलता मुलगा उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुतो. तो दोन दोरांवर लोंबकळतो. एक कामाचा दोर, दुसरा जिवाचा. कामाचा तुटला तर जिवाचा धरून ठेवतो, आणि तो जिवाचा दोर वर गच्चीवर एका माणसाच्या ताब्यात असतो. कडकबाईंचे यजमान हेच काम करीत आणि वरच्या माणसाचे लक्ष क्षणभर उडाले म्हणून गेले. तेव्हापासून काचा धुणाऱ्यांच्या त्या टोळीने एक रीत पाळली आहे. लोंबकळणाऱ्याचा जिवाचा दोर कोणी धरावा, हे त्याच्या घरच्या माणसाने टोळीसमोर येऊन सांगावयाचे. घरच्याने शब्द काढून घेतला तर माणूस बदलावयाचा. कडकबाईंनी आपल्या मुलासाठी गाठ्याचे नाव सांगितले होते. गाठ्या हा मुलाचा जोडीदार. थोडे बोलणारा, गाठी मारण्यात निष्णात, म्हणून गाठ्या. मुलाला ताप आला होता तेव्हा त्यांच्या उंबऱ्यात उभा राहिलेला तोच.

टोळीचे मुकादम म्हणजे कडकबाईंचे धाकटे दीर. एका सुट्टीच्या सकाळी ते घरी आले. मी तेथेच बसले होते. मी उठू लागले, तर कडकबाईंनी माझा हात धरून ठेवला.

"वहिनी," मुकादम म्हणाले, "आडवळणानं बोलत नाही. गाठ्या दोराकडे बघत नाही. खाली वाकून पोराकडे बघत बसतो. टोळीतले सांगतात."

"टोळीतले कोण?"

"नावं कशाला? उद्या काही झालं तर दादाच्या फोटोसमोर मी कुठल्या तोंडानं उभा राहू?"

कडकबाईंनी भिंतीवरच्या यजमानांच्या फोटोकडे पाहिले.

मुकादमांनी आवाज उतरवला. "आणि दुसरीही कुजबूज आहे. दोघांबद्दल. लोकांचं तोंड कोण धरणार? त्यात चांगलं स्थळ चालून आलंय. तुम्ही नुसता शब्द काढून घ्या. कारण दोराचं सांगू. मी गाठ्याला दुसऱ्या शहरातल्या कामावर धाडतो. सुंठीवाचून खोकला जाईल."

"भाऊजी, दोराचं खरं आहे, की खोकल्यासाठी काढलेली सुंठ आहे?"

"वहिनी! पोराच्या जिवावर मी खोटं बोलेन?"

ते गेल्यावर मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला. त्याने सर्व ऐकले होते. तो पट्ट्याची बकले तपासू लागला, जणू तेवढ्यासाठीच बाहेर आला होता.

"आई, दोराचं खोटं आहे," तो म्हणाला.

"आणि दुसरं?"

त्याने एक बकल लावले, काढले, पुन्हा लावले.  खोटे आहे, असे मात्र म्हणाला नाही.

"तुला वर काय दिसतं? तू तर काचेला तोंड करून असतोस," कडकबाई चिडून म्हणाल्या. "तो कुठं बघतो ते तुला कसं कळणार?"

"मला दोरातून कळतं."

"दोरातून कळतं म्हणे! तुझ्या बापालाही कळत होतं."

मुलगा पट्टा खांद्यावर टाकून बाहेर निघून गेला.

कडकबाईंवर त्या दिवशी केवढे ओझे होते, ते मी पाहिले आहे. मुकादमांचे खरे असेल, तर गाठ्याची मायाच मुलाचा जीव घेईल. खोटे असेल आणि तरीही त्यांनी शब्द काढला, तर जिवाचा दोर कोणा परक्याच्या हाती जाईल, आणि मुलाच्या आयुष्यातला एक माणूस त्याच्या आईच्याच शब्दाने दूर केला जाईल. निकाल दुसऱ्या दिवशी गच्चीवर, टोळीसमोर द्यावयाचा होता.

"आक्का, तुम्ही सोबत या," त्या म्हणाल्या. "माझे डोळे भीतीनं फसतील. तुमचे वापरीन."

गच्ची फार उंच होती. वाऱ्याने पदर डोक्यावर राहीना. टोळीची माणसे कठड्यापाशी उभी होती.  मुकादमांनी आमच्यासाठी दोन उलट्या बादल्या ठेवल्या, परंतु आम्ही बसलो नाही.

"आधी काम बघते," कडकबाई म्हणाल्या. "मग बोलते."

"बघायचं काय त्यात?" मुकादम म्हणाले.

"चादर न बघता मी खळ सुद्धा देत नाही, भाऊजी."

मुलाने पट्टा चढविला. गाठ्याने प्रत्येक गाठ हाताने ओढून पाहिली.  मुलगा कठड्यावर बसला, पाय बाहेर टाकले आणि खाली दिसेनासा झाला. कडकबाईंनी माझे मनगट असे धरले की त्यावर पुढे वळ उठले.

गाठ्या कठड्यापासून दोन हात मागे बसला होता. एक पाय कठड्याच्या बुडाशी रोवलेला, दोर तळव्यातून सरकत होता. मी त्याचे डोळे पाहत होते. कडकबाईही तेच पाहत होत्या.

मग वाऱ्याचा मोठा झोत आला. खालून बादली काचेवर आपटल्याचा आवाज झाला आणि मुलाची हाक आली. शब्द कळले नाहीत. टोळीतले सर्वजण एकदम कठड्याकडे धावले. मुकादमही धावले. सगळे वाकून खाली पाहू लागले. "फिरला! तो फिरला!" कोणीतरी ओरडले. "पाय अडकला बघ त्याचा!"

कडकबाईही एक पाऊल पुढे टाकणार होत्या. मी त्यांना मागे ओढले आणि म्हटले, "खाली नको. इकडे बघ."

खाली न पाहणारा एकच माणूस त्या गच्चीवर होता. गाठ्या जागचा हलला नव्हता. त्याने दोर आवळून अडकवला होता आणि मोकळा हात गाठीवर ठेवला होता, जसा आपण तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतो. दोराला हिसका बसला, तसा त्याने थोडी ढील दिली. थांबला. पुन्हा थोडी दिली. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. "सुटला पाय," तो म्हणाला. मग कठड्यावरून वाकलेल्यांनी ओरडून सांगितले, की सुटला. त्यांना दिसण्यापूर्वी त्याला कळले होते.

"वर घ्या त्याला," मुकादम म्हणाले. 

मुलाला ओढून घेतले. कठड्यावर आधी त्याचे हात आले, मग डोके. गुडघा खरचटला होता. तो आत उतरला, पाय जमिनीला लागले, आणि तेव्हा, अगदी तेव्हाच, गाठ्याने दोरावरचे डोळे उचलले.

मी त्याविषयी अधिक लिहिणार नाही. एवढेच लिहिते, की चेहरे कसे वाचावेत हे आम्ही दोघी दुपारच्या सुट्टीत, बोट ठेवून ठेवून शिकलो होतो. कडकबाईंचा माझ्या मनगटावरचा हात सैल झाला.

मुकादम पुढे आले. "बघितलंत ना? जीव जात होता पोराचा. बोला आता."

"बघितलं," कडकबाई म्हणाल्या. "भाऊजी, हाक आली तेव्हा तुम्ही सगळे खाली बघत होतात. हा एकटा दोराकडे बघत होता. कोण सांगत होतं उलटं, ते पुढं या."

कोणी पुढे आले नाही. एकाने बूट खरवडला.

"दोर गाठ्याच्याच हाती राहील," त्या मोठ्याने म्हणाल्या.

मुकादम त्यांच्या अगदी जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, दोराचं एक जाऊ दे. पण आज एवढ्या माणसांत तुम्ही हे बोललात, तर लोक काय अर्थ लावतील, कळतंय का तुम्हाला?"

"जो आहे तोच लावतील."

 मुलगा आईकडे पाहत होता. गाठ्याने मान खाली घातली होती आणि न सुटलेलीच एक गाठ तो पुन्हा आवळीत होता.

"आणि स्थळाला काय सांगू?" मुकादमांनी विचारले.

"सांगा, मुलाच्या आईनं नाही म्हटलं. माझ्या नावावर घाला."

"मग माझा पायही तुमच्या उंबऱ्याला लागायचा नाही. सांगून ठेवतो."

"उंबरा तिथंच आहे, भाऊजी. तो कुठं जात नाही."

मुकादम पाठ फिरवून जिन्याकडे गेले. ते त्या उंबऱ्यावर अद्याप आलेले नाहीत. कडकबाईंना त्याचे दुःख आहे. यजमान गेल्यानंतर त्याच माणसाने घर सावरले होते, हे त्या विसरलेल्या नाहीत.

टोळीतला एक म्हातारा खाकरला. "बाई, निम्मी इमारत राहिलीय. पोराचा गुडघा चालतोय का?"

"चालतोय," मुलगा म्हणाला. तो आईजवळ आला. "आई, तू घरी जा. तुला बघवणार नाही."

"नाहीच बघवणार," कडकबाई म्हणाल्या. "पण जाणार नाही."

त्या कठड्याकडे पाठ करून एका उलट्या बादलीवर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. मुलगा पुन्हा कठड्यावर चढला. दोर सरकण्याचा आवाज सुरू झाला. तो थांबे, तेव्हा कडकबाईंचा श्वासही थांबे. मी त्यांच्या शेजारी उभी होते. मलाही पाहण्याचे धैर्य झाले नाही. खूप वेळ गेला. ऊन सरकून आमच्या पायांवर आले.

शेवटी दोर सैल पडून गच्चीवर घसरला.

"काकू," गाठ्या दोरावरून नजर न काढता म्हणाला, "खाली पाय टेकले."