किल्ली ताईच्या गळ्यात

ताईच्या शेजारच्या वहिनींचा फोन आला तेव्हा मी मुलुंडला घरी भाजी निवडत होते. "तुमच्या ताई दार उघडत नाहीयेत. काकांचा आवाज येतोय आतून, पण..." मी बोरीवलीला पोचेपर्यंत लोकांनी दार फोडलं होतं. ताई स्वयंपाकघरात जमिनीवर होती, अंगावर नीट पांघरलेली चादर. शेजारी तिचे यजमान, आमचे भावोजी, बसलेले. मला पाहून हळूच म्हणाले, "आवाज करू नका. झोपलीय ती."

भावोजी अंधेरीच्या कारखान्यात फिटर होते. नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखायचे. निवृत्तीनंतर त्यांना अल्झायमर झाला. आधी शब्द हरवले, मग रस्ते. कुणाच्याही दाराची बेल दाबून विचारायचे, "माझं घर कुठे हो?" सोसायटीतले लोक वैतागले. ताईने ठरवलं, या लोकांना हा आजार समजावून सांगायचा. डॉक्टरांना बोलावलं, लिफ्टजवळ नोटीस लावली, हॉलमध्ये खुर्च्या स्वतः मांडल्या. आले पाच-सहा जण. एक बाई म्हणाल्या, "वयोमानाने होतंच हो असं." ताई उसळली, "काल माझ्या नवऱ्याने मला विचारलं, बाई, तुम्ही कुणाकडे आलात? हेपण वयोमानाने?" तेवढ्यात चहा आला. पुढच्याच आठवड्यात सेक्रेटरी दारात. "काकू, राग मानू नका, पण काकांना घरातच ठेवा ना." तेव्हापासून दाराला आतून कुलूप लागलं आणि किल्ली ताईच्या गळ्यात आली.

छातीत दुखतंय म्हणायची. "अगं, दाखव ना डॉक्टरला," मी म्हणायचे. "आणि ह्यांना कुठे ठेवू गं? सांभाळायला ठेवलेली बाईसुद्धा पळाली." एकदा मी जाऊन बसले, पण ताई दिसेना तसा भावोजींनी असा आकांत मांडला, की ती अर्ध्या वाटेतून रिक्षा वळवून परत आली. तपासणी राहिली ती राहिलीच.

आता भावोजी माझ्याकडे असतात. सुरुवातीला "ही कुठे गेली?" विचारायचे. खरं सांगितलं, की दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडायचे. मग आम्ही 'बाजारात गेलीय' सांगायला लागलो. हल्ली विचारतच नाहीत. तिचा फोटो दाखवला तर म्हणाले, "चांगल्या घरच्या दिसतात."

दुपारी मात्र भिंतीला चिकटून, अंग चोरून आडवे होतात. अर्धा पलंग मोकळा.

"भावोजी, ऐसपैस झोपा की."

"नको. जागा ठेवलीय."

"कुणासाठी?"

त्या मोकळ्या गादीवरची चादर त्यांनी हाताने सारखी केली. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.