टायरचं वय

अंधेरीच्या पंपावर टायरमध्ये नायट्रोजन भरायचं मशीन आलं तेव्हा ते शिकायला कोणी पुढे होईना. विमला गुरव गेली. पेट्रोलच्या वासाने तिचं डोकं चढायचं आणि मशीन कोपऱ्यात, वाऱ्यावर होतं. कंपनीच्या माणसाने अर्ध्या दिवसात शिकवलेलं तिने पाठ केलं आणि सहा वर्षं गाडीवाल्यांना ऐकवलं: साध्या हवेपेक्षा हा हळू झिरपतो, टायरचं आयुष्य वाढतं.

सगळ्यात मनावर घेतलं ते पार्ल्याच्या दातारकाकांनी. महिन्यातून दोन शनिवार, सकाळी नऊला ते हजर. शेजारी उत्तराकाकू, मांडीवर भाजीची पिशवी. एकदा वाटेत हवा उतरली, तर साधी हवा नको म्हणून काकांनी गाडी वाशीपासून रांगत घरी आणली होती. म्हणे, भेसळ कशाला?

या शनिवारी ते खुशीत होते. "विमला, तेहतीस भर. उद्या चिपळूणला निघतोय. हिच्या ताईची पंच्याहत्तरी."

विमला पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली. टाचेला पडतात तशा भेगा टायरच्या कडेला पडल्या होत्या. गेल्या खेपेसच तिला दिसल्या होत्या, पण तेव्हा गाडी मंडईपर्यंतच जाणार होती.

"काका, या टायरवर चिपळूणला नका जाऊ."

"का? नक्षी बघ, नव्यासारखी आहे."

"नक्षी आहे. रबर सुकलंय."

"आत नायट्रोजन आहे ना? आयुष्य वाढतं, तूच सांगितलंस."

"सांगितलं," विमला म्हणाली. "मला शिकवलं तेवढं बोलले. झीज कमी झाली, ते खरं. पण बाहेरून ऊन लागतं, वर्षं जातात, त्याला आतला गॅस काय करणार?"

काकूंनी काच खाली केली. "अहो, ती सांगतेय तर ऐका ना."

"तू थांब गं."

काकांचा चेहरा उतरला होता. विमलाने आपलं स्टूल आणून चाकाशी ठेवलं. "बसा. हे चार आकडे वाचा. पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन साल."

काकांनी बोटाने धूळ पुसली. "शून्य आठ, सतरा." मग स्टूल उचलून ते स्वतःच दुसऱ्या चाकाशी गेले, मग तिसऱ्या. चौथ्याच्या भेगेत त्यांनी नख घालून पाहिलं.

"उत्तरा, ताईंना फोन कर," शेवटी म्हणाले. "म्हणावं, गाडीने येत नाही. बसची तिकिटं बघतो."

गाडी टायरच्या दुकानापर्यंत जाईल एवढं बघून विमलाने चारी चाकं भरली.

"नव्यातही हाच भरायचा ना?"

"साधी हवाही चालते, काका. तिच्यातही बहुतेक नायट्रोजनच असतो. फक्त वेळच्या वेळी तपासायची."

काकू पदराआड हसल्या.

"तुला हे कधीपासून दिसत होतं?" काकांनी विचारलं.

"गेल्या खेपेपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही माझा शब्द एवढा धरून बसलेलात. तो मीच कसा मोडू?"

काकांनी चावी फिरवली. "यापुढे दिसलं की बोलायचं."

"तुम्हाला राग येईल."

"येईलच," काका म्हणाले. "तरी बोलायचं."