चारी बाजूंनी आवळलेला पत्रा

विमानाच्या पत्र्याला गेलेला तडा कसा वाढत जातो, हे कॉम्प्युटरवर मांडण्यात माझ्या पीएच.डी.चं पाचवं वर्ष चाललं होतं. पण माझ्या मॉडेलमधला तडा जागचा हलत नव्हता. रोज कोल्हापूरहून हुपरीच्या बसने हात हलवत परत यायचं आणि "झालं का?" विचारणाऱ्या प्रत्येकाला मनातल्या मनात शिव्या घालायच्या.

एका रविवारी आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, लॅपटॉपसमोर येऊन उभे राहिले. ते चांदीची पैंजणं घडवतात. हा पत्रा, हा तडा आणि या कडा मी पक्क्या धरल्यात, असं मी त्यांना दाखवलं.

"चारी बाजूनं आवळलाईस की," ते म्हणाले. "आमी पैंजण तपासताना एकच टोक धरून झटका देतोय. दोन्ही टोकं धरली तर कच्चा सांधा कळणार कसा?"

मी दोन कडा सोडल्या. दुपारपर्यंत तडा पत्र्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मी आनंदाने ओरडलेच.

सोमवारी ते बघून माझे गाइड असलेले सर म्हणाले, "आपले आधीचे सगळे पेपर आवळलेल्या कडांवर आहेत. ते खोटे पाडायचेत? कडा होत्या तशा करा."

त्यांच्या सहीशिवाय माझा प्रबंध पुढे जाणार नव्हता. दातओठ खात मी कडा पुन्हा आवळल्या.

संध्याकाळी आण्णांनी विचारलं, "पत्रा मोडला म्हणून सांगितलंस न्हवं?"

"सांगितलं. न मोडणाराच पायजे म्हणाले."

आण्णांनी हातातलं पैंजण खाली ठेवलं.

"आनि त्या इमानात बसायचं कुणी?"