खडकातून न निघालेली तलवार

सोलापुरात तेव्हा टीव्ही आला नव्हता. माझा एक वर्गमित्र सुट्टीत मुंबईला मामाकडे जाऊन आला आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिलेली इंग्रजी मालिका आम्हाला सांगू लागला. खडकात रुतलेली तलवार जो उपसेल तो राजा. भल्याभल्यांना ती हलत नाही आणि आमच्याएवढा पोरगा सहज उपसतो. मग त्याचे सवंगडी सरदार होतात, गोल टेबलाभोवती बसतात, म्हणजे कुणी वर नाही, कुणी खाली नाही. मित्राला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे निम्मी गोष्ट त्याचीच असावी. पण मधल्या सुट्टीत आम्ही डबे गोल मांडून जेवायला लागलो.

गॅदरिंगला तेच नाटक ठरलं. राजा अर्थातच तो. तलवार त्याच्या वडिलांनी केली. ते विणकर. जुन्या हातमागाची सागवानी पट्टी तासून त्यांनी पातं काढलं आणि आदल्या दिवशी नवी पेठेतून बेगड आणून त्यावर चढवली. खडक बांबू आणि गोणपाटाचा, आणि त्याच्या आत मी. इतर ओढतील तेव्हा पातं घट्ट धरायचं, त्याने ओढलं की सोडायचं, एवढंच माझं काम.

तो रंगमंचावर आला तशा टाळ्या पडल्या. आत घामाने भिजून मी त्या ऐकल्या, आणि सोडलं नाही. त्याने दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा खडकाला पाय लावून ओढलं. मागून कुणीतरी म्हणालं, "राजाला भाकरी घाला की." मैदानभर हशा झाला. पडदा पाडावा लागला.

पातं फटीत अडकलं, असं मी सांगितलं. सगळ्यांना पटलं. दोन दिवसांनी त्याच्या घरी गेलो, तर वडील बेगड सोलून तलवार तासत बसले होते. नाटक होऊन गेलं होतं, तरीही. मला म्हणाले, "माझंच चुकलं बघ. बेगडीनं जाड झाली. आता न्हाई अडकायची." मी पाणी पिऊन घरी आलो.

ते जाऊन बरीच वर्षं झाली. मित्र अजून हा किस्सा रंगवून सांगतो. शेवटी "आमच्या वडिलांचा अंदाज चुकला" म्हणतो आणि मीही शेजारी बसून हसतो. गेल्या महिन्यात त्याने तो नातवाला सांगितला. म्हणून हे लिहिलं, आणि आधी त्यालाच वाचायला देणार आहे. तुझ्या वडिलांची तलवार बरोबर होती. बेगड लावूनही ती सहज निघत होती. गॅदरिंगच्या सकाळी कुणी नसताना मी ती चारदा उपसून पाहिली होती.